पाठमोरं अस्वल

मोठ्या बाईंच्या बोटांना कायम तांदळाची खळ लागलेली असे. नमस्कार करताना त्यांचे तळवे एकमेकांना चिकटत आणि सोडवताना त्यांचं त्यांनाच हसू येई. देवरीकडच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत त्या मुख्याध्यापिका, आणि मी गोंदियाहून बसने येणारा त्यांच्या हाताखालचा शिक्षक.

छापील तक्त्यावरच्या अननसावर त्यांचा भारी राग. "आपल्या पोराइनं अननस कधी पाह्यला? अस्वल तं पाह्यलं ना!" म्हणून त्या स्वतःच अक्षरं घडवत. पुठ्ठ्यावर धानाच्या कोंड्याचा हत्ती, तेंदूपानांचं हरीण, जुन्या लुगड्याच्या काठाची खार. पहिला हत्ती दिवाळीच्या सुट्टीत उंदरांनी खळीसकट फस्त केला. मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, नाही होत हे." "काऊन होत नाही?" असं म्हणत त्यांनी खळीत कडुलिंबाचा रस कालवला आणि दुसरा हत्ती केला. त्याला उंदीर शिवले नाहीत. हे "काऊन होत नाही?" दिवसातून दहा वेळा ऐकावं लागे. मला तेव्हा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू?

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी 'अ' हाती घेतला. अक्षराच्या काठीला धरून उभं राहिलेलं अस्वल. अंगाला काळ्या शेळीचे केस, छातीवर तांदळाचा पांढरा पट्टा, पंजांना बाभळीचे काटे. पंधरा दिवस खपून त्यांनी तक्ता भिंतीवर चढवला, आणि पहिलीतली मंगली किंचाळून दप्तर टाकून पळाली. आदल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना तिच्या आजीला अस्वलानं ओरबाडलं होतं, एक डोळा गेला होता. बाईंना हे ठाऊक होतं. चित्राच्या नादात त्या साफ विसरल्या होत्या.

मंगली शाळेत येईना. शाळा सुटली की बाई रोज तिच्या घरी जात, आणि पोरगी धानाच्या कोठीमागे लपून बसे. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी येईल की." त्या कडाडल्या, "पुढच्या वर्षी मी नाही, सर! आता सुटली तं पोरगी सुटलीच समजा." चौथ्या दिवशी तो तक्ताच काखेत मारून त्या निघाल्या. मी अडवत अडवत मागोमाग गेलो.

आजीपुढे तक्ता पालथा ठेवून बाई म्हणाल्या, "माझं चुकलं, माय. म्हनशीन तं आत्ता चुलीत टाकू."

आजीनं तो उलटवला आणि उरलेल्या डोळ्यानं बराच वेळ न्याहाळला. "कान मोठे झाले, बाई. म्या जवळून पाह्यलं ना." मग हसली. "जाळू नोको. पाठमोरा कर थ्याले. थो फिरून जंगलात गेला, म्हनून मी जिती आहो."

बाईंनी तिथंच अंगणात बसून तोंड, काटे, पट्टा सगळं उपटलं आणि अस्वल फिरवलं. कोठीमागून मंगली हळूहळू पुढे आली. पाठीवरचे केस तिनंच चिकटवले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत होती.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्याशिवाय शाळा मला अजून ओकीबोकी वाटते. परवा तपासणीला साहेब आले. तक्त्यापुढे थबकून म्हणाले, "ये कैसा भालू है? याचं तोंड कुठंय?" मी सांगायच्या आत मंगली उठली. अक्षरावरून सावकाश बोट फिरवत म्हणाली, "अ अस्वलाचा. भेऊ नोका, साहेब. थो जाऊन राहिला."