जिवंत असल्याचा अंगठा

होटगीजवळच्या आमच्या गावात पंचवीस वर्षं ग्रामपंचायतीचं मतदान झालेलं नाही. मारुतीच्या पारावर चार पुढारी बसतात, नावं ठरवतात, तेवढेच अर्ज जातात आणि गाव बिनविरोध. याचा आम्हाला कोण अभिमान! मी इथला निवृत्त मास्तर, मीही त्यात सामील. आता स्वतःचीच लाज वाटते.

चांगुणामावशी बनसोडे साठीच्या. नवरा धोंडिराम गेल्यापासून निराधारांचा पगार घेतात. अक्षरओळख नाही. दर महिन्याला पंचायतीचा शिपाई सिद्धू वही घेऊन दारात यायचा. "मावशी, जित्या हाय म्हनून अंगठा द्या, न्हायतर पगार बंद." मावशी अंगठा द्यायच्या, वर त्याला चहाही पाजायच्या.

त्यांचं मागणं एकच, वस्तीत नळ. गुडघे गेलेले आणि पाणी रुळापलीकडच्या विहिरीचं. पाच वर्षं त्या एकेका सदस्याच्या दारात जाऊन आल्या. सरपंच उदयसिंहांच्या तर पाया पडल्या. दरवेळी उत्तर ठरलेलं, "बगू की."

परवा नव्या ग्रामसेविका वैजयंतीबाईंची पहिली मासिक सभा होती. मावशींनी माझ्याकडून पुन्हा नळाचा अर्ज लिहून घेतला आणि मला सोबत घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. आत बाई हजेरी घेत होत्या. "चांगुणा धोंडिराम बनसोडे?"

"जी, मी हाय की."

"मग बाहेर का उभ्या? आत बसा. सदस्य आहात तुम्ही."

मावशी हसल्या. मला वाटलं, बाई नवीन आहेत, गोंधळल्या असतील. पण त्यांनी वही माझ्यापुढं फिरवली. राखीव जागेवरच्या बिनविरोध सदस्य म्हणून मावशींचं नाव, आणि प्रत्येक सभेच्या हजेरीला त्यांचा अंगठा! उमेदवारी अर्जावरही असाच उमटवून घेतला असणार. उदयसिंह खिडकीबाहेर बघू लागले.

"नळाचं काय झालं ते वाचा," मी ओरडलोच.

बाईंनी वाचलं. वस्तीसाठी मंजूर झालेला नळ रद्द करून सरपंचांच्या मळ्याकडं द्यावा. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, चांगुणा बनसोडे.

मावशी आत येऊन बसल्या. आपला अंगठा डोळ्यांजवळ धरून बघितला.

"म्हंजी गुरुजी, माजा नळ मीच घालवला व्हय?"

एकच अर्ज आला तरी मतदान घ्या, लोकांपुढं 'नको' म्हणायचं बटण ठेवा, असं आता मी तहसीलला लिहिणार आहे. पण हे शहाणपण पंचवीस वर्षं कुठं झोपलं होतं, देव जाणे.

सिद्धूनं सवयीनं शाईची डबी उघडून मावशींपुढं धरली. त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला.

"आदी वाच. पयल्या पानापासनं."

सिद्धूनं सरपंचांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेरच बघत होते, तसा तो वाचायला लागला. सभा दुपारी तीनपर्यंत चालली आणि मावशींच्या 'न्हाय'मुळं त्या दिवशी एकाही ठरावाखाली 'सर्वानुमते' लिहिता आलं नाही.