चिखलदरा, आणि यांच्या नावावर आलेलं माझं चलान

चिखलदऱ्याला जायचं ठरलं ते निसर्गाच्या ओढीनं वगैरे नाही. माझी धाकटी जाऊ पल्लवी अमरावतीला राहते. तिनं व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं होतं: मागं धुकं, हातात कॉफीचा कप आणि खाली ओळ, ‘घाट मीच चालवला.’ मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि दर वेळी नव्यानं जळले. तिला वेगाची तीन चलानं आलेली आहेत. बाकीच्या बायका पाटल्यांबद्दल बोलतात तसं ती सणावाराला त्या चलानांबद्दल बोलते. माझं लायसन्स मात्र कपाटात साड्यांखाली पडून होतं. जेवताना मी यांना सांगून टाकलं, शनिवारी चिखलदरा, आणि गाडी मी चालवणार.

“घाट मी घेईन,” हे म्हणाले. मी उठून साड्यांखालचं लायसन्स पर्समध्ये टाकलं.

अकोल्याहून दर्यापूरवरून गेलं तर जवळ पडतं, पण तो रस्ता अरुंद, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांचा. हात नवीन असेल तर अमरावतीचा हायवे धरा. सकाळी लवकर निघालो, म्हणून तो मोकळा मिळाला. मूर्तिजापूरला चहा घेतला आणि त्यानंतर यांनी सीट मागं टाकून तोंड उघडं टाकलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, रस्ता सरळ, आणि मला कोणी ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणत नव्हतं. तेवढ्यात एक लाल गाडी सुर्रकन पुढं गेली. चालवणारी पोरगी जेमतेम पंचविशीची, एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हातानं केस सारखे करत होती. मला तिच्यात पल्लवीच दिसली. पाय आपोआप दाबला गेला. बाभळीखाली उभी असलेली पोलिसांची वेग मोजणारी पांढरी गाडी मला दिसली तेव्हा मी तिच्या पुढं निघून गेले होते.

अमरावतीत गिला वडा खाल्ला, वरून दही आणि झणझणीत चटणी. नाश्त्यालाच खा, दुपारपर्यंत भूक लागत नाही. पल्लवीकडे मुद्दामच गेलो नाही.

परतवाड्याला पेट्रोल भरून घ्या, हवा तपासा आणि मगच घाटाला लागा. आम्ही तिथं चहाला थांबलो आणि यांचा फोन वाजला. यांनी मेसेज दोनदा वाचला.

“हे पाय, माह्या नावानं चलान आलं. तू किती दामटून रायली होती?”

“लय नाही.”

“मले काहून उठवलं नाही?”

बाजूच्या बाकावरचे काका मध्ये पडले. “भरू नका लगेच. लोकअदालत लागते, तिथं कमी होते. तोवर मेसेज येत रायते, दुसरं काय?”

यांनी चावी माझ्यासमोरून उचलून खिशात टाकली. “कोणाले सांगू नको. मीच चालवत होतो म्हणतो. उगाच तुह्यावर बोलणं नको.” मग घाट यांनी घेतला. सागाचं जंगल फार सुंदर आहे म्हणतात. मी डावीकडे बसून फक्त यांचे गिअर मोजत होते.

चिखलदऱ्यात शनिवारी खोलीचे भाव चढे असतात, फोनवर आधी ठरवून जा. भीमकुंडाची दरी पाहिली, गाविलगडावर चढलो, खवा घेतला. आणि सगळीकडे यांचा फोन किणकिणत होता, कारण यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, ‘आयुष्यातलं पहिलं चलान!’ दीर म्हणाले, “दादा, साठीत बी रफ्तार?” भाच्यानं हारांचे फोटो टाकले. पल्लवीनं टाळ्या पाठवल्या. बायकोला बोलणी बसू नयेत म्हणून यांनी केलं, हे मला कळत होतं. तरी माझा जीव जळत होता. आजवर पल्लवीवर जळले, त्या पोरीवर जळले, आणि आता देवी पॉइंटला उभी राहून स्वतःच्याच नवऱ्यावर जळत होते.

खोलीवर येऊन मी यांच्या फोनवर ते चलान उघडलं. दंड मी माझ्या खात्यातून भरायचं ठरवलं होतं. लोकअदालतीपर्यंत हा सत्कार चालू ठेवायची माझ्यात ताकद नव्हती. पण पावतीही गाडीमालकाच्याच नावाची निघणार, म्हणजे तीही यांचीच. मग खाली फोटो दिसला. बोटांनी मोठा केला. समोरून काढलेला. स्टेअरिंगमागं माझी पिवळी ओढणी, माझा चष्मा, माझे घट्ट आवळलेले ओठ. शेजारी हे, तोंड उघडं.

टाकू की नको? टाकला तर सगळे म्हणणार, बाईमाणसाले हायवे काहून दिला, आणि चावी कायमची गेली. नाही टाकला तर मी आयुष्यभर डावीकडे. मी दंड भरला, आणि मग फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘बाभळीखालच्या पांढऱ्या गाडीची कृपा.’

मग नणंदेनं लिहिलं, ‘दादा किती शांत झोपलाय.’

हे आधी फुगले, मग स्वतःच फोटो मोठा करून पाहत बसले. सकाळी मी चावी मागितली. “चूक केली. दंड भरला. आता घाट द्या.”

“दुसऱ्या गिअरात उतरशील?”

“दुसऱ्याच.”

उतरताना खरंच दुसऱ्याच गिअरात उतरले. हायवेवर काटा पाटीवरच्या आकड्याखाली ठेवला. त्या बाभळीपाशी तर यांनी स्वतः सीट सरळ केली. सबंध परतीत यांचा डोळा लागला नाही.

घरी येऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा पल्लवीचा फोन आला.

“ताई, मले तीन आले, पण तिन्हीत मागून नुसती नंबरप्लेट. तोंड एकातबी नाही.”

मग तिनं आवाज खाली आणून विचारलं.

“ते पांढरी गाडी नेमकी कोणत्या बाभळीखाली उभी रायते वो?”

मी सांगितलं, आता आठवत नाही.