भिंतीतली खटखट

शेवाळे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच कथेची प्रुफं तपासत होते. दिवाळी अंकाचं काम म्हणजे लगीनघाई. त्यांच्या पत्नी नलूताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "झोपेतच गेले. हार्टचं झालं." आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, कथा हातात आहे... संपादक म्हणून मी अशीच आहे.

सर सिन्नरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि राहायचे नाशिकला, सिडकोत. बावीस वर्षं आमच्या अंकाला दरवर्षी त्यांची एक भयकथा असे. माझी अट एकच, भूत चालणार नाही. बंद बंगला, गंजकं कुलूप, जिन्यावरची पावलं, सगळं चालेल. पण शेवटी कारण माणसाच्या डोक्यात सापडलं पाहिजे. "म्हणजे भुताऐवजी आजार," सर हसून म्हणायचे. आणि ते आजार काय लिहायचे! एका कथेत नायक दाराची कडी सतरा वेळा तपासतो. वाचक कंटाळेल म्हणून मी ते तीनवर आणलं. सर म्हणाले, "मॅडम, तीनदा तपासून त्याला झोप लागत असती, तर त्यानं बंगला कशाला पेटवला असता?" मी ऐकलं नाही. एवढा अभ्यास कधी करता, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "अभ्यास नाही लागत हो." मला तो विनय वाटला.

शेवटची कथा हरसूलच्या बाजूच्या एका बंद बंगल्यातली. तिथल्या राखणदाराला भिंतीतून यंत्रमागाची खटखट ऐकू येते. सरांचं लहानपण मालेगावात, मागांच्या आवाजात गेलेलं. त्यामुळे ती खटखट वाचतानाही कानात बसायची. शेवटी राखणदार जीप पकडून नाशिकला येतो, डॉक्टरसमोर बसतो आणि म्हणतो, "मला ऐकू येतं." कथा संपते. मी लाल शाईनं शेरा मारला, 'शेवट मिळमिळीत. डॉक्टर आला की भीती गेली. याला बंगल्यातच ठेवा.' आठवड्याभरात दुरुस्त कथा आली. राखणदारानं आतून कडी लावून घेतली होती. मी लगेच फोन केला, "सर, आता जमलं." ते म्हणाले, "तुम्हाला पटलं ना, मग झालं."

तेराव्यानंतर मी भेटायला गेले. नलूताईंनी मला सरांच्या लिहायच्या खोलीत नेलं आणि कपाट बाजूला सरकवलं. मागे भिंतीचं प्लास्टर हातभर उकरलेलं होतं, आतल्या विटा दिसत होत्या. "चार महिने झोप नाय की धड जेवण नाय," त्या म्हणाल्या. "भरदुपारी भिंतीला कान लावून बसायचे. म्हणायचे, माग चालू आहे. मी डॉक्टरकडे नंबर लावला होता. आधी तयार झाले, मंग म्हणे, नको, शेवट बिघडतो." मी खाली बसले. त्या तशाच उभ्या होत्या. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही तर त्यांचं सगळं वाचेल आहे ना? तुम्हाला काहीच कळलं नाही?"

त्यांचं हृदय कशानं थांबलं, हे मला सांगता येत नाही. पण त्यांनी बावीस वर्षं जे सांगितलं, त्याला मी दाद दिली, मानधन दिलं आणि शुद्धलेखन तपासलं, एवढं नक्की. यंदाच्या अंकात त्यांचा पहिला शेवट छापते आहे. त्याचा आता त्यांना उपयोग नाही, हेही मला कळतं.

त्या दिवशी निघताना मी त्या उकरलेल्या जागी कान लावला. विटा गार होत्या. खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तेवढंच... "येतो का आवाज?" नलूताईंनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. मला तो कधीच आला नव्हता.