मामाचा खराटा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवरीच्या बाजारात ‘जंगलाला आग लावू नका’ अशी पत्रकं वाटत होते. हातातला गठ्ठा तसाच घेऊन चिचगडच्या गाडीत बसले. मामानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, मयतीतही कागद वाटून राहिली काय...

आमच्याकडे मोहफुलं पडायच्या आधी झाडाखालचा वाळला पाला जाळतात. जमीन साफ झाली की फुलं पटपट वेचता येतात. पण ती आग झाडाखाली थांबत नाही, डोंगरभर जाते. माझा सगळा राग त्या एका काडीवर. चार वर्षांपूर्वी मामाच्याच गावात सभा घेतली, शपथेचा कागद फिरवला. लोकांनी सह्या केल्या, अंगठे दिले. एकटा मामा उठला. “काडी लावल्याबिगर मोह वेचता येते काय पोरी? पाला झाडाले तुहा बाप येईल?” सभा हसली. माझे वडील गोंदियात कापडाच्या दुकानात बसतात, त्यांनी घरातला केरही कधी काढलेला नाही. मी तणतणत निघून आले.

त्याच उन्हाळ्यात परत गेले तर सह्या करणाऱ्यांची झाडं बुडाशी काळी. मामाच्या पाच मोहांखालची जमीन मात्र झाडून काढलेली, पाला बाजूला ढिगात. मी खूश होऊन कागद पुढे केला. त्यानं हात मागे घेतला. म्हणाला, आगच बरी. मग दरवर्षी हेच. तोंडानं आगीची बाजू घ्यायची आणि हातात खराटा. मला तो ढोंगी वाटायचा, उलट्या तऱ्हेचा ढोंगी... कार्यकर्त्यांच्या शिबिरात आम्हाला शिकवलं होतं की आधी विचार बदला, वागणं आपोआप बदलतं. मीही गावोगाव तेच सांगत फिरते. मामा त्यात कुठं बसवायचा?

तेरवीनंतर मामीनं सांगितलं. पहिल्या वर्षी त्यानं खराटा उचलला तो मला खोटं पाडायला. म्हणाला होता, तीन दिवस झाडतो, मग गावासमोर सांगतो की हे होण्यासारखं कामच नाही. तिसऱ्या दिवशी कंबर धरून आला, माझ्या नावानं शिव्या घातल्या, आणि चौथ्या दिवशी पुन्हा गेला.

“काऊन गेला मंग?” मी विचारलं.

“मले का मालूम. अर्धं झाडून झालं होतं ना.”

मग ती म्हणाली, यंदा माह्यानं वाकणं होत नाही, तूच काडी लावून दे. आणि काड्यापेटी माझ्या हातात ठेवली. मी भाषण सुरू केलं. मामीनं ते पूर्ण ऐकलं, आत गेली आणि खराटा आणून माझ्यासमोर टेकवला.

एवढी पत्रकं छापली, पण मी आजवर एकाही झाडाखाली झाडलं नव्हतं. पहिल्या मोहालाच सकाळ गेली. ओढलेला पाला वाऱ्यानं परत यायचा. दुसऱ्या झाडाखाली तळहाताला फोड आला आणि तोंडातून निघालं, काडी लावल्याबिगर... आसपास कोणी नव्हतं. काड्यापेटी ओढणीच्या गाठीत होती. मी गाठ सोडली, पेटी हातात घेतली, किती वेळ धरून उभी होते सांगता येत नाही. मामा आतून काय मानत होता, मला कळत नाही. त्या घडीला मी काय मानत होते, तेही सांगता येणार नाही.

खराटा बांबूच्या दांड्याला बांधलेला आहे. मामा जिथं धरायचा तिथं बांबू गुळगुळीत झालाय, हात आपसूक तिथंच जातो. दोन झाडं झाडून झाली, तीन उरलीत. उद्या सकाळच्या गाडीनं पुन्हा जाते आहे. काड्यापेटी मामीला अजून परत दिलेली नाही.