आखाजीच्या आदल्या दिवशी बंद पडलेली गाडी

वडील गेले त्या वर्षी आखाजीसाठी बहिणीला आणायला मी मुकाट्याने बसने गेलो असतो तर बरं झालं असतं. आई तेच सांगत होती. "बसनं जाय ना भाऊ, गाडीचं काय एवढं कौतुक?" पण मला कौतुकच करून घ्यायचं होतं. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी दीपनगरच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो आणि दोनच महिन्यांपूर्वी एका निवृत्त साहेबांची वापरून वापरून जुनी झालेली मोटार विकत घेतली होती. आमच्या घराण्यातली पहिली मोटार. ती धुळ्याकडे बहिणीच्या सासरच्या दारात उभी करून हॉर्न वाजवायचा, हे मी मनात कितीदा तरी करून पाहिलं होतं.

बहिणीचं येणं मात्र मिरवण्यासारखं नव्हतं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागरही भरतात. वडिलांची ही पहिली घागर. ते गेले तेव्हा तार उशिरा पोचली होती. बहीण आली तोवर आम्ही घाटावरून परतलो होतो. "मला तोंडही पाहू दिलं नाही," एवढंच ती म्हणाली, आणि मी, सगळ्यांत मोठा शहाणा, तिच्यावरच खेकसलो, की किती थांबणार होतो आम्ही? ते वाक्य मला पुढे कित्येक महिने खात होतं. घागरीला तरी ती हजर हवी होती.

अडचण होती तिच्या सासूबाईंची. बाई कडक. त्यांनी बहिणीच्याच हाताने मला पत्र लिहवून घेतलं होतं: आदल्या दिवशी या आणि दिवेलागणीच्या आत सुनेला न्या, दिवा लागल्यावर आम्ही सून घराबाहेर पाठवत नाही आणि सणाच्या दिवशी तर नाहीच. मी त्यांना मनातल्या मनात फौजदारीणबाई म्हणायचो. रजा मिळाली तीही नेमकी आदल्या दिवसाचीच.

त्या सकाळी मी बॅटरीची टोकं उघडली. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती, ती गरम पाण्याने धुतली, शिशाचे खुंट घासून चकचकीत केले. तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. गाडी पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाली होती. तिने टपावर स्वस्तिक काढलं, चाकांना हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "इचा जीव कुठं असतो रे?" मी ऐटीत बॅटरीकडे बोट दाखवलं. झालं. आईने पूजेचा लाल दोरा त्या खुंटाला तीन वेढे देऊन बांधला, वर अक्षता टाकल्या. आता त्याच खुंटावर मला वायरची पकड बसवायची होती. पकड बसवली, पण पान्याने आवळली तर दोरा तिच्या डोळ्यांदेखत तुटला असता. म्हणून हातानेच फिरवून ठेवली. म्हटलं, पुढे कुठेतरी थांबून नीट आवळू. सुताचा दोरा वीज अडवतो हे मला शिकवायला कोणी नको होतं. पण शेजारीपाजारी गाडी बघायला जमले होते, आणि त्या गडबडीत आवळायचं साफ राहून गेलं.

पारोळ्याच्या पुढे, भर दुपारी, रस्त्यात बैलगाडी आडवी आली म्हणून मी वेग कमी केला आणि इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली तर टकदेखील नाही. हॉर्न नाही, दिवे नाहीत, मीटरचा काटा मेलेला. बैलगाडी हाकणारा म्हातारा खाली उतरला.

"काय व्हयनं भाऊ?"

"काही नाही आबा, वीज गेलीय. मी वीजवालाच आहे."

"मंग बरं शे," म्हणत तो निंबाखाली जाऊन बसला. मदतीला बसला की मजा बघायला, ते काही कळेना.

मी बाह्या सरसावल्या. माझ्याकडे टेस्ट लॅम्प होता, म्हणजे दोन वायरींना जोडलेला एक बल्ब. त्याची टोकं बॅटरीच्या दोन खुंटांना लावली. बल्ब लख्ख पेटला. बॅटरी चांगली आहे म्हटल्यावर मी तिकडे पुन्हा पाहिलंच नाही. मग फ्यूज काढले, घासले, बसवले. डॅशबोर्डखाली उताणा पडून किल्लीमागच्या वायरी सोडवल्या, पुन्हा जोडल्या. डायनॅमोची वीज बॅटरीकडे सोडणाऱ्या कटआऊटचं झाकण उघडून पॉइंट साफ केले. अंगाची लाही लाही होत होती, घाम डोळ्यांत उतरत होता. केंद्रात मोठमोठ्या यंत्रांचे दोष आम्ही शोधून काढायचो, आणि इथे एक हॉर्न माझं ऐकत नव्हता. सावल्या लांबत चालल्या. मधल्या वेळात धुळ्याकडे जाणाऱ्या दोन बस गेल्या. गाडी तिथेच टाकून बसमध्ये चढावं, एवढी अक्कलही मला सुचली नाही, कारण मग हरलो असं झालं असतं. खरं सांगतो, त्या चार-पाच तासांत मला बहिणीपेक्षा गाडीच महत्त्वाची वाटत होती. आज हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटी म्हाताराच उठून आला.

"रागे नका भरू भाऊ. मन्हा हिरवरला पंप बंद पडना ना, मी पहिले देखस, शेवटला हात कोठे लायेल व्हता."

मला रागच आला. विहिरीवरचा पंप बंद पडला की शेवटचा हात कुठे लावला होता ते बघतो म्हणे! मी उलट बोलायला गेलो आणि सकाळ आठवली. शेवटचा हात माझाच होता, आज सकाळचा. बल्ब मी खुंटाला लावला होता, खुंटावरच्या पकडीला नाही. पकड धरून हलवली तर ती गरगर फिरली; सकाळी जेमतेम टेकलेली, रस्त्याच्या हादऱ्यांनी पार सैल झाली होती. आत आईचा दोरा होता, ठिणग्यांनी काळा पडलेला, पकड आणि खुंट यांच्या मधोमध बसलेला.

चाकू काढला खरा, पण हात धजेना. मग कापला. खुंट पुसला, पकड पान्याने आवळली, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं. म्हातारा आपल्या बैलांकडे गेला. मी त्याचे आभार मानले की नाही, मला आठवत नाही.

बहिणीच्या गावात शिरलो तेव्हा सूर्य बुडाला होता. घराघरांतून दिवे दिसत होते. मेलो, म्हटलं. बहिणीच्या घरापाशी गाडी थांबवली तर तेवढ्याच घरात अंधार. सवयीने पहिला विचार आला, यांचा फ्यूज गेलेला दिसतो. हॉर्न वाजवायचं भानही राहिलं नाही.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या मागे उंबऱ्याशी पिशवी मांडीवर घेतलेली बहीण. सासूबाईंनी आधी मला पोटभर झाडलं, पोर सकाळपासून पिशवी घेऊन बसलीय म्हणून. "बठ्ठा गावना दिवा लागी ग्यात! पोर सकायपाईन पिशवी लिसन बठेल शे. एवढा येळ कोठे व्हतात?"

"गाडी बंद पडली होती," मी पुटपुटलो. "आता तर दिवे लागले. म्हणजे तुम्ही काही तिला..."

"आम्हना घरमा कोठे लायेल शे दिवा?" त्या कडाडल्या. "बटन बी दाबू देयेल नही मी कोनले. तुम्ही निंघा, मंग लावसू."

मी आत डोकावलो. देवापुढची समई तेलवात घालून तयार होती. चुलीशी परात झाकून ठेवलेली. अंधारात भिंतीला टेकून घरातली सगळी माणसं बसली होती, म्हातारे सासरे, मेहुणे, दीर, दिराची भुकेने पेंगुळलेली दोन लेकरं. कोणाचीच जेवणं झाली नव्हती.