भाओजींची ढाल

भाओजी लिफ्ट दुरुस्त करायचे, पण ते पोटापाण्यासाठी. खरा जीव रमायचा रविवारी संध्याकाळी, निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर. तिथे ते ढालवाले होते. मेहुणी त्यांना भाओजी म्हणायची, म्हणून टेबलावरचे सगळेच म्हणायला लागले, वयानं कितीतरी मोठ्या असलेल्या बाईसुद्धा.

खेळ असा. बाई गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, आणि वाटेत राक्षसबिक्षस आडवा आला की फासे निघणार. प्रत्येकाला सहा फासे. लाल वाराचे, हिरवे बचावाचे. लाल किती, हिरवे किती, ते ज्याचं त्यानं ठरवायचं, वाटीखाली झाकायचं आणि सगळ्यांनी एकदम वाट्या उचलायच्या. सगळे लाल लावले तर वार जबर, पण अंग उघडं. सगळे हिरवे लावले तर तुम्ही सुखरूप, पण राक्षसही सुखरूप. बाई नव्या माणसाला बजावून सांगत, "निम्मे-निम्मे लावा. शहाणी माणसं तसंच खेळतात."

भाओजी आणि मेहुणी काही त्या शहाण्यांतले नव्हते. ढालवाल्याला आपले हिरवे फासे शेजारच्याला देता येतात, तेवढा एक नियम धरून दोघांचं छान जमलं होतं. ती सहाच्या सहा लाल लावायची, ते सहाच्या सहा हिरवे. विचारणं नाही, खूण नाही. मेहुणी एका कुरिअर कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. आठवडाभर लोकांच्या शिव्या ऐकून "माफ करा सर" म्हणायचं आणि रविवारी दोन तलवारी घेऊन दिसेल त्याला कापत सुटायचं! टेबलावर उभी करायची बोटाएवढी तलवारवाली बाहुली तिनं स्वतः मातीची करून रंगवली होती. इतकी वर्षं तलवारवाली जगली ती भाओजींच्या जिवावर, आणि मेहुणी ते सगळ्यांना सांगायचीही. "मला मागे बघावं लागत नाही. मागे भाओजी आहेत."

हे ऐकून भाओजींना बरं वाटायचं, नाही असं नाही. पण टाळ्या दर वेळी तिलाच पडायच्या, आणि माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं हो.

एका रविवारी बायकोबरोबर लेक आणि नवा जावई खेळ बघायला आले. पोरगा चांगला, हसतमुख, पण तोंडाला फाटक म्हणून नाही. दोन लढाया बघून म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसते उभेच असता की काय? एखादा फटका तरी द्या!" सगळे हसले. लेकही हसली. भाओजीही हसले, पण ते त्यांना चांगलंच लागलं.

पुढच्या लढाईत पुलावर चार हातांचा राक्षस उभा होता. भाओजींचा हात सवयीनं हिरव्या फाशांवर गेला, तिथेच थांबला आणि लालांकडे वळला. एकदा केलं तर काय आभाळ कोसळतंय? असं मनाशी म्हणत त्यांनी सहाच्या सहा लाल झाकले.

वाट्या उघडल्या. मेहुणीचे सहा लाल, भाओजींचे सहा लाल. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. भाओजींच्या वारानं राक्षसाचा एक हात खांद्यातून तुटला. "मानलं बाबा तुम्हाला!" जावयानं टाळ्या वाजवल्या. आणि भाओजी, काय सांगू तुम्हाला, छाती फुगवून हसले! मग राक्षसाची पाळी आली. उरलेले तीन हात मेहुणीवर पडले, आणि तिला वाचवायला टेबलावर एकही हिरवा फासा नव्हता.

इथे मेलेलं माणूस परत येत नाही, हा बाईंचा कायदा. मेहुणीनं तलवारवाली आडवी निजवली आणि भाओजींकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं. तिनं पाहिलं ते काळजीनं. "भाओजी, काय झालं?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. "अगं, या उजेडात लाल की हिरवा कळलंच नाही बघ."

घरी जाताना बायको एवढंच म्हणाली, "दिवा तर डोक्यावर होता." भाओजींनी झपझप पावलं उचलली.

सोमवारी मेहुणीचा फोन. "भाओजी, रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या." त्यांना वाटलं, तलवारवालीचं दुःख. छे! "तुम्ही दिवसभर लाल-हिरव्या तारा जोडता. लोक लेकरंबाळं घेऊन चढतात त्या लिफ्टमध्ये. तुम्हालाच शॉक बसला म्हणजे? मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. चला गुपचूप." त्यांच्या "अगं, कशाला" ला तिनं भीक घातली नाही.

डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे दाखवले. मुद्दाम चुकीचं सांगावं, असं भाओजींच्या मनात येऊन गेलं. पण डोळे अधू ठरले तर कंपनी तारांना हात लावू देणार नाही. ते खरं बोलले ते नोकरीच्या भीतीनं, उगाच दुसरं काही समजू नका. सगळे आकडे धडाधड वाचले.

"रंग तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले दिसतात," डॉक्टर म्हणाले. "दिसत नाहीत असं सांगितलं कुणी?"

मेहुणी शेजारच्या खुर्चीत होती. तिनं पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. "बरं झालं बाई," म्हणाली, "जिवाला घोर लागला होता." मग बस स्टॉपपर्यंत ती ऑफिसातल्या गमती सांगत राहिली. बस आली, तिनं हात केला आणि गेली. भाओजींना स्वतःचं तोंड दुकानाच्या काचेतसुद्धा बघवेना.

रविवारी ती नवी बाहुली करून घेऊन आली, एक भालेवाली. भाओजी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. आज काही झालं तरी तिला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, आणि लढाई संपली की बाजूला घेऊन खरं काय ते सांगून टाकायचं, असं घोकूनच आले होते. लांडग्यांची टोळी आली. भाओजींनी सहाच्या सहा हिरवे झाकले आणि वाटी दोन्ही हातांनी दाबून धरली.

वाट्या उघडल्या. भाओजींचे सहा हिरवे. मेहुणीचे तीन लाल, तीन हिरवे.

"शाब्बास!" बाई खूश झाल्या. "इतक्या वर्षांनी आलं एकदाचं शहाणपण! आता कुठे नीट खेळायला लागलीस."

"हो ना," मेहुणी हसली.

भाओजींनी घाईघाईनं आपले हिरवे फासे तिच्याकडे सरकवले. वर बघवत नव्हतं. तिनं ते हलकेच त्यांच्यापुढे परत केले.

"राहू द्या भाओजी," ती म्हणाली. "माझं माझ्यापुरतं आहे."