नळाला पाणी आलं त्या सकाळचं बी

सकाळी मी आमच्या बियाण्यांच्या लॅबचं कुलूप काढलं तर पाणी उंबऱ्याबाहेर वाहत आलं.

ऐंशीच्या दशकात धारवाडचे नळ रोज येत नसत. पाणी आल्याचं कळावं म्हणून घरोघरी तोटी उघडीच ठेवत. लॅबप्रमुख देसाई सरांनी तीच सवय लॅबमध्ये आणली होती. पहाटे पाणी आलं, सिंक तुंबलं आणि खाली ठेवलेली कांद्याच्या बियांची पिशवी चिंब भिजली.

सरांनी वर्षानुवर्षं निवडून तयार केलेला तो वाण दुसरीकडे कुठेच नव्हता. कांद्याचं बी लवकर मरतं, आणि हे आधीच जुनं. याखेरीज होतं ते कपाटातल्या बाटलीतलं, त्याच वेळचं मूठभर.

सर आले. पिशवी पाहून मटकन स्टुलावर बसले.

"अय्यो! नळ कुणी उघडा ठेवला?"

अटेंडर बसण्णा म्हणाला, "काल शेवटी तुम्हीच गेलात, सर."

सरांनी पिशवी दूर सारली. मग म्हणाले, "फेकून द्या, बाई. कुजणार ते."

"अजून मोड नाहीत," मी म्हटलं. बी टिपकागदावर पसरून सावलीत वाळवलं. मग बाटलीतलं आणि पिशवीतलं, दोन्हींची जर्मिनेशन टेस्ट लावली. म्हणजे ओल्या कागदावर बिया ठेवून किती उगवतात ते पाहायचं.

निकाल पाहून मी बिया पुन्हा मोजल्या. बाटलीतल्या, जपून ठेवलेल्या बिया जवळजवळ सगळ्या मेलेल्या. भिजलेल्या मात्र निम्म्याहून जास्त उगवलेल्या!

"लेबलं उलटी लावलीत, बाई."

"मी? लेबलं?"

टेस्ट पुन्हा लावली. पुन्हा तेच. सरांचा चष्मा हातातच राहिला.

नंतर त्यांनीच उलगडून सांगितलं. साठवणीत ऑक्सिजन बियांमधल्या डीएनएची मोडतोड करत राहतो. दुरुस्ती करणारी एन्झाइम्स बियांतच असतात, पण कोरड्यात ती निजलेली. ओल मिळाली की बिघडलेला तुकडा कापून नवा भरतात. मोड येण्याआधी बी वाळलं, तर झालेली दुरुस्ती टिकते. बाटलीतल्या बियांना मात्र टेस्टमध्येच पहिल्यांदा ओल मिळाली; दुरुस्ती आणि वाढ एकदमच येऊन पडली, ती त्यांना झेपली नाही.

बाटलीतलं उरलेलंही भिजवून वाळवलं, सगळं पेरलं. वाण वाचला.

मी भिंतीवर दोन सूचना लावल्या. जुनं बी पेरण्याआधी भिजवून वाळवावं. जाताना नळ बंद करावा. पहिली सगळ्यांनी पाळली. दुसरी सर सोडून सगळ्यांनी.